खदानीची न झाडलेली बाजू

खाला, तुला जाऊन पाच दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. आज सकाळी भाकऱ्या थापताना मी मोठ्यानं बोलून गेले, "त्या निलगिऱ्या तोडायलाच पाहिजेत." ओसरीतून सासऱ्यांनी विचारलं, "कोनाशी बोलून राह्यली व?" काय सांगणार? म्हटलं, खदानीवालीशी. ते म्हणाले, "ते आयकत नाई कोनाचं." खरंच आहे. सुगराबीनं कुणाचं ऐकल्याचं सोनाळ्यात कुणाला आठवत नाही. फक्त एकाच बाबतीत तू माझं निमूट ऐकलंस, आणि तिथेच नेमकी मी चुकले होते. ते आज लिहायचं आहे.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल तशीच मला आठवते. गिट्टीची ती खदान बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मशीनवर गिट्टी फुटायला लागल्यावर हातानं फोडणाऱ्या बाया घरी बसल्या, तुझा नवरा गेला, आणि तू मात्र खदानीच्या काठावरची झोपडी सोडली नाहीस. पंचायतीनं खड्ड्यात मुरूम ओढून जागा सपाट केली आणि झाडं लावायला आमच्या शाळेला दिली. शाळेत विज्ञान शिकवणारी मीच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात. गावात तेव्हा बीटी कापसाचं नवं वारं होतं. कापसाच्या पऱ्हाटीवर सावली नको म्हणून लोक धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी तोडत होते. चांगल्या वावरातली झाडं तुटत असताना ही बाई दगडात झाडं लावते म्हणून पारावर माझी भरपूर थट्टा झाली.

मी चुन्याच्या रेषा मारून, टेपनं मोजून खड्ड्यांच्या जागा आखत होते. तू एका दगडावर बसून बघत होतीस. शेवटी तुला राहवलं नाही. "मॅडम, अथी कुसयबी उगवत नाई. वीस वर्स मी हेच फोडलं."

मी जरा ताठ्यानं म्हणाले, "मग सांगा कुठे उगवेल."

दुसऱ्या दिवशी तू सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आलीस. जमिनीवर सब्बल आपटायचीस, कान देऊन आवाज ऐकायचीस आणि पुढे सरकायचीस. कुठे आवाज टणक यायचा, कुठे बद्द. बद्द आवाज आला की, "अथी फट हाये, अथी लावा." माझ्या चुन्याच्या रेषा एका दुपारीत मोडीत निघाल्या. मला राग आला होता, हे आज कबूल करते. पण पुढच्या उन्हाळ्यात तू दाखवलेल्या जागची झाडं जगली आणि मी रेषेत हट्टानं लावलेली बहुतेक वाळली. पंचायतीनं तुला राखणदार केलं, आणि राहायला तीच झोपडी दिली. मी तुला खाला म्हणायला लागले, आणि कधी ‘तू’ म्हणायला लागले ते दोघींनाही कळलं नाही. तू मात्र शेवटपर्यंत मला मॅडमच म्हणालीस.

रोपवाटिकेतून आपल्याला तीनच जाती मिळाल्या होत्या. रस्त्याच्या बाजूला निलगिरी, मध्ये करंज, मागे शिरस. निलगिरी भराभर वाढली. जो तो तिचंच कौतुक करायचा. शिरस मात्र दोन वर्षं कमरेएवढाच राहिला.

आता ती गोष्ट. पहिली पानगळ झाली तेव्हा मी तुझ्या हातात खराटा दिला. म्हणाले, खाला, एक पान खाली दिसता कामा नये. कोपऱ्यात ढीग कर आणि पेटवून दे. शाळेत मी स्वच्छतेची प्रमुख, वर्गात कागदाचा कपटा दिसला तरी माझं डोकं फिरायचं. मला वाटलं, रोपवनही तसंच लख्ख हवं. तू ते मनावर घेतलंस. खदानवाल्या बाया घाणेरड्या, असं गावानं तुम्हाला वर्षानुवर्षं ऐकवलेलं. तू रोज उजाडता झाडायचीस आणि पाणी शिंपडून पुन्हा झाडायचीस. "माह्या दारात कोनी कचरा म्हनाले नाई पायजे," हे तुझं ठरलेलं वाक्य. पाहुणे यायचे, इतकी स्वच्छ खदान पाहून थक्क व्हायचे, आणि मी तुझ्या शेजारी मिरवत उभी राहायचे.

तीन वर्षं अशी गेली. झाडं वाढत होती, पण खालची जमीन तशीच लालसर आणि टणक. पाणी घातलं की वाहून जायचं. करंज पिवळा पडायला लागला. मी खत घातलं, पुस्तकं चाळली, रोपवाटिकेला नावं ठेवली. तू म्हणायचीस, "दगडाले काय भूक लागते का, मॅडम?" आणि आपण दोघी हसायचो.

मग थंडीत तू झोपडीच्या छपराची कवेलू शाकारताना पडलीस आणि उजवं मनगट मोडलं. तुझी लेक शमीम तुला वरवट बकालला तिच्या घरी घेऊन गेली. हाड वाकडं जुळलं, पुन्हा बसवावं लागलं. मुलीनं तुला पावसाळा लागला तरी सोडलं नाही. इकडे शिरसाची सगळी पानं गळली, करंजाची गळली, त्यावर पाऊस पडला. मला परीक्षा आणि निवडणुकीची कामं. खदानीकडे कुणी फिरकलंच नाही.

पंधरा ऑगस्टच्या आधी पाहुणे येणार म्हणून मीच खराटा घेऊन गेले. पाहते तर सगळा उकिरडा. चरफडत शिरसाखाली झाडायला लागले तर खराटा ओल्या पानांत रुतला. हातानं पानांचा थर उचलला. खाली पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले, वाणी किडे गोल वळून पडलेले, राईएवढे पांढरे जीव टणाटण उड्या मारत होते. आणि एक गांडूळ. मी बी.एस्सी. झालेली बाई, गांडूळ पाहून किंचाळले. शिरसाच्या पानांचा अर्धा थर काळा होऊन मुरमात मिसळला होता. करंजाखाली उधईनं, म्हणजे वाळवीनं, पानांवर मातीचे पापुद्रे चढवले होते. निलगिरीखाली पान जसं पडलं होतं तसंच, ओलं, चकचकीत. त्याला कुणी तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

मी तिथेच बसले. तीन वर्षं या जमिनीचं खाणं आपण तिच्या तोंडचं काढून जाळत होतो. मुलांना दहा वेळा शिकवलं होतं की पालापाचोळा कुजून माती होते. फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. आणि इथे मीच खराटा हातात देऊन मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात ती माती भरून मी एसटीनं वरवट बकालला आले. शमीमला वाटलं मी अम्मीसाठी काहीतरी करून आणलंय. तिनं ताटली पुढे केली. तू डबा उघडलास, माती डाव्या तळव्यावर घेतलीस, वास घेतलास. "हे माह्या खदानीचं नाई," तू म्हणालीस. "कोनाच्या वावरातलं आनलं?" मी शपथ घेतली तरी तुझा विश्वास बसेना. शेवटी स्वतः बघायला म्हणून झोळीत हात अडकवून माझ्याच एसटीनं आलीस. शिरसाखाली उकिडवी बसलीस, डावा हात पाल्यात घातलास. मग नुसतं म्हणालीस, "अरे माह्या खुदा."

मी म्हटलं, आता झाडायचं नाही. आणि तू चक्क नाही म्हणालीस.

"तुमी शायेत जासान. लोकं मले म्हनतीन, म्हातारी बसून खाते. सरपंच म्हनन, काम होत नाई तं निंग. मी कुठी जाऊ?"

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मला गांडूळ दिसत होतं. तुला तुझं छप्पर दिसत होतं. आपण दोघी आठ दिवस एकमेकींशी धड बोललो नाही. मग तूच तोड काढलीस. रस्त्याकडची बाजू सरपंचासाठी झाडायची, मागची बाजू मॅडमसाठी सोडायची. मी म्हटलं, असं चालणार नाही, पुढे निलगिरी आणि मागे शिरस, मग फरक झाडाचा की खराट्याचा हे कसं कळेल? पुढच्याही दोन निलगिऱ्या न झाडता ठेव आणि मागचे दोन शिरस रोज झाड. "आता झाडाचंबी हिशोबानं?" म्हणत तू हसलीस, पण दुसऱ्या दिवशी त्या चार झाडांभोवती दगडांची कडी करून ठेवलेली होती. खदानीतली गिट्टीची जुनी चाळणी तू शोधून काढलीस. आपण माती चाळायचो, माझ्या पांढऱ्या चादरीवर जे वळवळेल ते मोजायचो. एका जिवाला एक खडा, प्रत्येक झाडाखाली त्याची वेगळी ढिगुली.

दोन पावसाळ्यांत तुझ्या ढिगुल्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकानं इतकं सरळ सांगितलं नव्हतं. न झाडलेल्या शिरसाखाली सगळ्यात मोठी ढिगुली. झाडलेल्या शिरसाखाली चार-दोन खडे. करंज मधोमध. आणि निलगिरी, झाडा की न झाडा, जवळजवळ रिकामी. शिरसाखाली घातलेलं पाणी आता वाहून न जाता मुरायला लागलं होतं.

आणि मग सरपंच एकदा चुकून मागच्या बाजूला गेले.

खाला, त्या दिवशी मी तिथेच होते. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, सरपंच सोडले तर परवापर्यंत गावात कुणालाच माहीत नव्हतं. सरपंच म्हणाले, "हा काय उकिरडा करून ठेवला? आठ दिवसांत साफ कर, नाई तं झोपडी खाली कर." तू माझ्याकडे पाहिलंस. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्याच महिन्यात शाळेला स्वच्छतेची ढाल मिळायची होती, त्यावर सरपंचांची सही लागणार होती, आणि मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. तू एवढंच म्हणालीस, "हात वाकडा हाये, साहेब. होत नाई मायाच्यानं." त्याच हातानं तू आदल्या दिवशी माझ्यादेखत सब्बल चालवली होतीस.

मी घरी जाऊन रडले आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं, फक्त मी गप्प बसले हे सोडून. त्यांच्या कापसावर त्या साली लाल्या आला होता. पानं लाल होऊन झाड उभ्या उभ्या थांबलं होतं, आणि वावराची माती ढेकळं होऊन पडली होती. ते चिडचिडे झाले होते. कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते, पण आले. शिरसाखाली बसले, हात घातला, मनगटापर्यंत आत गेला. दुपारी आपल्या वावरात गेले आणि तीन ठिकाणी फावडं मारलं. एक गांडूळ निघालं नाही. एके काळी नांगरामागे बगळे यायचे त्या वावरात. फावडाभर माती घमेल्यात घेऊन परत आले आणि तुझ्या मातीशेजारी ओतली. दोन ढीग बघत बसले. मग तुला विचारलं, "सुगराबी, हे कोन्या झाडाखालचं?" आणि तू उठून त्यांना एकेक झाड दाखवत फिरलीस, जशी घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी.

सरपंचांना जाऊन त्यांनी सांगितलं, "तथी खराटा नाई लागन." म्हाताऱ्याच्या शब्दाला वजन होतं. झोपडी वाचली. नंतर सासऱ्यांनी धुऱ्यावर शिरस लावले, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या जाळणं सोडलं. गुलाबी अळी पुढे आली तेव्हा तिनं आमचाही कापूस सोडला नाही. पण आता वावरात फावडं मारलं की काहीतरी हलतं, आणि ते पाहून म्हातारा दिवसभर खुशीत असतो. त्याचं श्रेय तुझं आहे.

पण गावानं वेगळीच गोष्ट उचलली. गावाच्या मते सुगराबी आळशी झाली, झाडायचा कंटाळा केला, आणि कंटाळ्यातून नशिबानं भलं झालं. ‘सुगराबीच्या आळसाचं रान’ असं नावच पडलं. तुझ्या तोंडावर म्हणायचे. तू हसायचीस. आणि खाला, मीही हसायचे. बाहेरगावचे शिक्षक बघायला आले तेव्हा मीच तो विनोद त्यांना सांगितला. तू बाजूला चहा गाळत होतीस. पहिला कप तू माझ्याच हातात दिलास. नंतर मी किती वेळा ठरवलं की तुझ्याजवळ बसून माफी मागायची. दर वेळी तू काहीतरी खायला पुढे करायचीस आणि विषय निघून जायचा.

आपलं खरं भांडण निलगिरीवरच राहिलं. मी म्हणायचे, हिच्या पानाला माती हात लावत नाही, काढून टाकू आणि शिरस लावू. तू म्हणायचीस, "जिंदगीभर मी या खदानीत उनात बसली. पयली सावली मले हिनंच देली. तिले तोडाचं?" मी जमिनीतल्या जिवांचं बोलायचे, तू सावलीचं. आजही मला वाटतं की मी बरोबर आहे, आणि आजही त्या निलगिऱ्यांखालून जाताना कुऱ्हाडीचं नाव काढायची हिंमत होत नाही.

तुझे माझ्यावर फार उपकार आहेत, खाला. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा मला जमीन म्हणजे सातबारा आणि पीक एवढंच कळायचं. खाली वाकून बघायला तू शिकवलंस. आता प्रवासात कुठेही थांबले तरी मी आधी झाडाखालचा पाला उचलून बघते. माझ्या वर्गातल्या मुलींनाही तीच खोड लागली आहे. घरी त्यांच्या आया ओरडतात. आयुष्यात मला चांगली शिक्षिका म्हणून जे काही नाव मिळालं, त्यातलं निम्मं खदानीत बसून मिळालं. मी तुझी ऋणी आहे, आणि हे तू असताना म्हणायला हवं होतं.

परवा तुझा तिजा होता, तिसऱ्या दिवसाची दुआ. मी सकाळीच आले. झोपडीत सगळी माणसं मावणार नव्हती म्हणून शिरसाखाली बसायचं ठरलं होतं, आणि तुझ्या शेजारणी खराटे घेऊन मागची बाजू झाडत होत्या. एका झाडाखालचं झाडून झालंही होतं. मी धावत जाऊन खराटा धरला. त्या बाईला वाईट वाटलं. ती म्हणाली, "मॅडम, आज तरी राहू द्या. गावातून लोकं येऊन राह्यले. जिंदगीभर आयशी म्हनलं तिले, आता मेल्यावरबी म्हनतीन का, सुगराबीच्या दारी कचरा?" तिचंही बरोबर होतं. तुझ्या अब्रूसाठीच तर झाडत होत्या त्या.

तोवर माणसं यायला लागली होती. सासरे होते, सरपंचही होते. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला. मी म्हणाले, "ही आळशी नव्हती. आधी रोज झाडून जाळायला मी सांगितलं होतं. ती चूक माझी, तिची नाही. आणि नंतर झाडणं थांबवलं ते हिनं ठरवून, छप्पर जाईल हे माहीत असताना. सरपंच रागावले त्या दिवशी मी इथे उभी होते आणि बोलले नाही. हिचा हात चांगला होता." सरपंच खाली बघत होते. मग शमीम पुढे आली, शेजारणीच्या हातून खराटा घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. आतून तिनं दोन चादरी आणल्या, पण त्या पुऱ्या पडणार नव्हत्याच. ती म्हणाली, "बसा. अम्मी अथीच बसे."

सगळ्यात आधी सासरे बसले, चादर सोडून, सरळ पानांवर. मग शेजारणी बसल्या. मग सरपंचांनी पांढऱ्या पायजम्याचे पाय जरा वर ओढले आणि तेही बसले. खाला, परवा तुझ्या दारात अख्खा गाव पाल्यात मांडी घालून बसला होता, आणि उठताना कुणी कपडे झटकले नाहीत.